प्रतिरक्षादमनक औषधे आणि उतारवयातील नेत्रविकार

प्रतिरक्षादमनक औषधे म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा हेतुपुरस्सर मंदावणारी औषधे होत. प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून, तसेच आमवात, ल्युपस, सोरायसिस, आतड्यांचा दाह यांसारख्या आजारांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते तेव्हा तिला आवर घालण्यासाठी ती दिली जातात. स्टेरॉइड, अझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, सिरोलिमस आणि अलीकडची जैविक औषधे ही या गटातील प्रमुख नावे आहेत. बहुतेक रुग्णांना ती अनेक वर्षे, काहींना तर आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यामुळे औषध घेणाऱ्याचे वय आणि औषधाचे वय दोन्ही एकदमच वाढत जाते, आणि साठीनंतर नजर कमी होऊ लागली की तिचे कारण वय की औषध, असा प्रश्न उभा राहतो.

उतारवयातील प्रमुख नेत्रविकार तीन आहेत: मोतीबिंदू, काचबिंदू आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूचा ऱ्हास. या तिन्हींशी या औषधांचे नाते एकसारखे नाही. मोतीबिंदू व काचबिंदू यांना स्टेरॉइड निश्चितपणे निमंत्रण देते. पीतबिंदूच्या बाबतीत काही औषधे ऱ्हासासारखीच दिसणारी वेगळी इजा करतात. आणि खुद्द वयोजन्य ऱ्हासाचा धोका प्रतिकारशक्ती दाबल्याने वाढतो की उलट घटतो, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर अद्याप मिळालेले नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच, एडवर्ड केंडाल आणि टाडेउश राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाच्या कौतुकाचा हा काळ फार टिकला नाही. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांमध्ये एका विशिष्ट प्रकारचा मोतीबिंदू आढळतो, हे १९६० साली रॉजर ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. म्हणजे हर्षाची बातमी आणि सावधगिरीची बातमी यांत जेमतेम बारा वर्षांचे अंतर होते.

अवयव प्रत्यारोपणाचा इतिहास याला समांतर आहे. जोसेफ मरे यांनी १९५४ साली बोस्टन येथे मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. तेथे प्रतिकारशक्ती दाबण्याची गरजच नव्हती. इतरांसाठी हा मार्ग खुला झाला तो गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून आलेल्या अझाथायोप्रिनमुळे, आणि पुढे १९८० च्या दशकात आलेल्या सायक्लोस्पोरिनमुळे. सिरोलिमस या औषधाची कथा वेगळीच आहे. प्रशांत महासागरातील ईस्टर बेटाच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते मिळाले. बेटाच्या स्थानिक नावावरून, म्हणजे ‘रापा नुई’ वरून, त्याला रापामायसिन हे नाव पडले. त्यावर चिकाटीने काम करणारे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल हे मूळचे भारतीय होते.

भारतात मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न १९६५ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला. तो रुग्ण वाचू शकला नाही. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात यश आले. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ सालचा आहे.

महाराष्ट्रात या दोन्ही विषयांना, प्रत्यारोपण आणि डोळा यांना, जोडणारे एक सुपरिचित नाव म्हणजे नेत्रशल्यविशारद डॉ. तात्याराव लहाने. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कार्यरत असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९५ साली त्यांच्या आई अंजनाबाई यांनी आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले. त्यानंतर त्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया पुन्हा सुरू केल्या. अशा एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्यारोपित मूत्रपिंड टिकवायचे तर प्रतिरक्षादमनक औषधे कायमची घ्यावी लागतात, हे लक्षात घेता या उदाहरणाचे महत्त्व केवळ भावनिक नाही. ही औषधे म्हणजे आयुष्याचा शेवट अशी समजूत अनेक कुटुंबांत असते. ती घेऊन माणूस सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्याच्या डोळ्यातले भिंग बदलण्याइतके नाजूक काम वर्षानुवर्षे करू शकतो, हे या उदाहरणातून दिसते.

स्टेरॉइड आणि मोतीबिंदू

डोळ्यातील नैसर्गिक भिंग पारदर्शक प्रथिनांचे बनलेले असते. वयोमानाने ही प्रथिने गढूळ होतात व मोतीबिंदू होतो. सामान्य वयोजन्य मोतीबिंदू बहुधा भिंगाच्या गाभ्यापासून किंवा कडेपासून सुरू होतो. स्टेरॉइडमुळे होणारा मोतीबिंदू भिंगाच्या मागील आवरणाला लागून, अगदी मध्यभागी, दृष्टीच्या वाटेवरच धरतो. जागेच्या या फरकामुळे लक्षणेही वेगळी असतात. भर उन्हात बाहुली आकुंचन पावते आणि प्रकाशाला जाण्यासाठी उरते ती नेमकी गढूळ मध्यावरून जाणारी वाट. म्हणून अशा माणसाला दुपारी कमी आणि संध्याकाळी बरे दिसते. वाचताना देखील बाहुली लहान होते, त्यामुळे दूरचे दिसत असतानाच जवळचे अक्षर पुसट होते. समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याने डोळे दिपतात. सोलापूरसारख्या, एप्रिल-मे महिन्यांत आग ओकणाऱ्या गावात ‘उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येते’ अशी तक्रार सहज दुर्लक्षित होते. ती स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाची असेल तर मात्र तपासणी टाळू नये.

धोका औषधाच्या मात्रेवर आणि कालावधीवर अवलंबून असतो. रोज १० मिलिग्रॅमहून अधिक प्रेडनिसोलोन वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ घेणाऱ्यांत तो ठळक असतो, मात्र त्याखालची अमुक मात्रा पूर्णतः सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. गोळ्यांप्रमाणेच डोळ्यांत घालायचे थेंब, डोळ्याभोवती वा डोळ्यात दिलेली इंजेक्शने यांतूनही हा परिणाम होतो. दम्यासाठी ओढून घ्यायच्या स्टेरॉइडचा धोका कमी, पण जास्त मात्रेत व दीर्घकाळ वापरल्यास शून्य नाही.

औषध थांबवल्यावर हा मोतीबिंदू बहुधा विरघळत नाही. परंतु शस्त्रक्रियेने गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवता येते आणि दृष्टी परत येते. प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तींवरही ही शस्त्रक्रिया केली जाते. जंतुसंसर्गाबाबत अधिक दक्षता घ्यावी लागते आणि प्रतिरक्षादमनक औषधे शस्त्रक्रियेसाठी परस्पर बंद करायची नसतात.

भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील लोकांतील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच होते. त्याचा वाटा ६६.२ टक्के होता. अर्थात त्यातील बहुसंख्य मोतीबिंदू वयामुळेच झालेले असतात. स्टेरॉइडचा मोतीबिंदू त्या गर्दीत मिसळून जातो, आणि म्हणूनच त्यामागचे औषध विचारले जात नाही.

स्टेरॉइड आणि काचबिंदू

मोतीबिंदूपेक्षा काचबिंदू अधिक घातक, कारण त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. डोळ्याच्या पुढील भागात सतत एक पातळ द्रव तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेजवळील जाळीतून तो झिरपून बाहेर जातो. स्टेरॉइडमुळे या जाळीच्या पेशींत आणि त्यांच्याभोवतीच्या द्रव्यात बदल होऊन निचरा मंदावतो. मोरीची जाळी तुंबली की न्हाणीघरात पाणी साचते तसा हा प्रकार आहे. डोळ्यातील दाब, जो एरवी साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, वाढत जातो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृक्-तंत्रिका हळूहळू चेपली जाते.

सर्वांचा डोळा स्टेरॉइडला सारखा प्रतिसाद देत नाही. स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे घातल्यास सुमारे एक तृतीयांश लोकांत दाब मध्यम प्रमाणात वाढतो आणि साधारण पाच टक्के लोकांत तो फार वाढतो. आधीच काचबिंदू असलेले, आईवडिलांपैकी कोणाला काचबिंदू असलेले, मधुमेही आणि तीव्र लघुदृष्टी असलेले लोक यांत हा प्रतिसाद अधिक दिसतो. औषध वेळीच थांबवल्यास दाब बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होतो. तोवर तंत्रिकेला झालेली इजा मात्र कायम राहते.

या विकाराचा घातकपणा त्याच्या मुकेपणात आहे. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. दृष्टीचे क्षेत्र कडेने आक्रसत येते आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते. माणूस वर्तमानपत्र वाचतो, पण चालताना उंबऱ्याला किंवा शेजारून जाणाऱ्याला धडकतो. घरचे म्हणतात, ‘आता वय झालं’. दाब मोजणे ही पाच मिनिटांची तपासणी आहे आणि या एका तपासणीअभावी होणारे नुकसान भरून न येणारे आहे.

येथे औषधाच्या गैरवापराचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. डोळे आले, डोळे खाजले, डोळ्यांत धूळ गेली की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंब आणण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. त्यातील काही थेंबांत प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. लाली लगेच ओसरते, म्हणून तीच बाटली पुढील वेळी, शेजाऱ्यासाठी, नातवासाठी वापरली जाते. दुसरा प्रकार गुडघेदुखीवरच्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांचा. आठवड्याच्या बाजारात किंवा एखाद्या ‘जाणकारा’कडे मिळणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याचे प्रकार देशात वारंवार उघडकीस आले आहेत. पुडी घेणाऱ्या वृद्धाला आपण प्रतिरक्षादमनक औषध घेत आहोत याची कल्पनाच नसते. नेत्रतज्ज्ञाने विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘कोणतीही गोळी चालू नाही’ असे सांगतो. शिवाय असे स्टेरॉइड बरेच दिवस घेऊन अचानक थांबवल्यास अधिवृक्क ग्रंथींचे काम अपुरे पडून जिवावर बेतू शकते. म्हणून पुडी बंद करतानाही डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो.

पीतबिंदूचा वयोजन्य ऱ्हास आणि प्रतिकारशक्ती

दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पिवळसर ठिपक्याला पीतबिंदू किंवा मॅक्युला म्हणतात. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सर्व कामे या इवल्याशा जागेवर अवलंबून असतात. पन्नाशीनंतर काही लोकांत या जागेचा ऱ्हास होतो. त्याचे कोरडा आणि ओला असे दोन प्रकार मानतात. कोरड्या प्रकारात दृष्टिपटलाखाली ‘ड्रुसेन’ नावाचे पिवळसर साठे जमतात आणि पेशी हळूहळू मरतात. ओल्या प्रकारात नको तेथे नाजूक रक्तवाहिन्या फुटून येतात, त्या पाझरतात आणि दृष्टी थोड्याच दिवसांत खालावते. ओला प्रकार एकूण रुग्णांपैकी सुमारे १० ते १५ टक्के लोकांत आढळतो, तरी तीव्र दृष्टिनाश बव्हंशी त्यामुळेच होतो. दोन्हींत मधली नजर जाते व कडेची राहते, म्हणजे काचबिंदूच्या नेमके उलटे.

हा विकार पूर्वी निव्वळ झीज समजला जात असे. ड्रुसेनमध्ये प्रतिकारयंत्रणेची प्रथिने सापडू लागली, तेव्हा या समजाला तडा गेला. २००५ साली अनेक संशोधकगटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले की ‘कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच’ या प्रथिनाच्या जनुकातील एका फरकामुळे पीतबिंदूच्या ऱ्हासाचा धोका बराच वाढतो. कॉम्प्लिमेंट ही रक्तातील प्रथिनांची एक साखळी आहे. जंतू दिसताच ती पेटते आणि हल्ला चढवते. फॅक्टर एच हा तिचा लगाम. लगाम ढिला असेल तर जंतू नसतानाही स्वतःच्या ऊतींवर मंद, पण वर्षानुवर्षे चालणारा मारा होतो.

यातून एक स्वाभाविक तर्क निघाला. ऱ्हासात प्रतिकारशक्तीचा हात असेल, तर तिला दाबणाऱ्या औषधांनी ऱ्हास टळावा. २००५ सालीच कॅनडातील पॅट्रिक मॅकगीर आणि जॉन सिबली यांनी आमवाताच्या रुग्णांत पीतबिंदूचा ऱ्हास अपेक्षेपेक्षा कमी आढळतो, असे निरीक्षण नोंदवले. त्यांच्या मते दाहशामक औषधांमुळे हे संरक्षण मिळत असावे. पुढील अभ्यासांत मात्र एकवाक्यता राहिली नाही. काहींत आमवाताच्या रुग्णांमध्ये धोका उलट वाढलेला दिसला.

हे असे का होते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. औषध घेणारे आणि न घेणारे हे दोन गट केवळ औषधानेच वेगळे नसतात. औषध घेणाऱ्यांना मुळात एक दाहक आजार असतो, आणि तो आजारच डोळ्यावर परिणाम करीत असण्याची शक्यता असते. छत्री घेतलेली माणसे अधिक भिजलेली दिसली म्हणून छत्रीमुळे माणूस भिजतो असे म्हणता येत नाही. ती पावसात बाहेर पडलेली असतात. शिवाय असे रुग्ण दवाखान्यात वारंवार जातात, त्यामुळे त्यांचे नेत्रविकार लवकर नोंदले जातात आणि कागदावर धोका वाढलेला दिसतो. उलटपक्षी, गंभीर आजारामुळे कोणी सत्तरीपर्यंत पोहोचलाच नाही, तर सत्तरीतला विकार त्याच्या नावावर लागत नाही आणि धोका घटलेला दिसतो. धूम्रपान हा आणखी एक गुंता, कारण ते आमवात आणि पीतबिंदूचा ऱ्हास या दोन्हींचा धोका वाढवते. या सर्वांची वजाबाकी केल्यावर औषधाच्या वाट्याला काय उरते, हे केवळ नोंदींवरून ठरवणे कठीण असते.

त्यामुळे प्रत्यक्ष चाचण्यांना महत्त्व येते. अमेरिकेतील रॉबर्ट नुसेनब्लाट व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या चाचणीत ओल्या प्रकारच्या रुग्णांना नेहमीच्या इंजेक्शनांबरोबर प्रतिरक्षादमनक औषधे देण्यात आली. डॅक्लिझुमॅब आणि सिरोलिमस घेणाऱ्यांना डोळ्यातील इंजेक्शने कमी लागली. परंतु रुग्णसंख्या अत्यल्प होती. पुढे कोरड्या प्रकाराच्या अंतिम अवस्थेत सिरोलिमस थेट डोळ्यात देऊन पाहिले असता लाभ आढळला नाही. डॅक्लिझुमॅब तर मेंदूच्या गंभीर दाहामुळे २०१८ साली बाजारातूनच मागे घेतले गेले.

संपूर्ण शरीराची प्रतिकारशक्ती दाबण्याऐवजी फक्त डोळ्यातील कॉम्प्लिमेंट साखळी रोखण्याचा मार्ग काहीसा फळला. पेगसेटाकोप्लान आणि अव्हासिनकॅप्टाड पेगोल या डोळ्यात टोचायच्या दोन औषधांना अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. ती गेलेली दृष्टी परत आणत नाहीत. ऱ्हासाचा डाग पसरण्याचा वेग काही अंशी कमी करतात. त्यांच्यामुळे ओला प्रकार उद्भवण्याचा धोका थोडा वाढतो. युरोपीय औषध नियामकाने २०२४ साली पेगसेटाकोप्लानला मान्यता नाकारली, कारण रुग्णाच्या दैनंदिन दृष्टीत पुरेसा फरक दिसला नाही.

तात्पर्य एवढेच काढता येते की पीतबिंदू वाचवण्यासाठी कोणी प्रतिरक्षादमनक गोळ्या सुरू कराव्यात असा पुरावा आज नाही, आणि पीतबिंदूच्या भीतीने चालू असलेल्या गोळ्या बंद कराव्यात असाही नाही. प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या बाबतीत अशी बंदी मूत्रपिंडाच्या जिवावर उठते.

ऱ्हासासारखी दिसणारी इजा

आमवात आणि ल्युपसमध्ये दिले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचे हिवतापावरील औषध. काटेकोरपणे ते प्रतिकारशक्ती दाबत नाही, तिला वळण लावते; पण इतर औषधांच्या जोडीने ते नेहमी दिले जात असल्याने त्याचा विचार येथेच करावा लागतो. दीर्घकाळ घेतल्यास ते पीतबिंदूभोवतीच्या पेशींना इजा करते. प्रगत अवस्थेत मध्य शाबूत आणि सभोवती ऱ्हासाचे कडे असे नेमबाजीच्या लक्ष्यासारखे चित्र दिसते. ही इजा भरून येत नाही आणि औषध थांबवल्यावरही काही काळ वाढू शकते.

अमेरिकन नेत्रतज्ज्ञ संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींनुसार दैनिक मात्रा शरीराच्या प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. या मर्यादेत पहिल्या दहा वर्षांत इजेचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी राहते, मात्र वीस वर्षांनंतर ते २० टक्क्यांच्या आसपास जाते. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असल्यास, स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन चालू असल्यास किंवा पीतबिंदूचा आधीपासून विकार असल्यास धोका वाढतो. औषध सुरू केल्यावर वर्षभराच्या आत एक तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी, असा क्रम सुचवला जातो. धोका अधिक असलेल्यांना वार्षिक तपासणी आधीच सुरू करावी लागते. २०२० साली करोनाच्या साथीत हे औषध घराघरांत पोहोचले होते. काही आठवडे घेतलेल्या त्या गोळ्यांनी डोळा बिघडल्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो वर्षांचा.

दुसरी फसवी स्थिती स्टेरॉइडमुळे उद्भवते. यात पीतबिंदूखाली पाणी साचते, सरळ रेषा वाकड्या दिसतात, मध्यभागी डाग येतो. वयस्कर माणसात हे चित्र ओल्या ऱ्हासासारखेच भासते. उपचारांची दिशा मात्र निराळी असते: येथे शक्य असेल तर मूळ डॉक्टरांच्या संमतीने स्टेरॉइड कमी करणे हाच पहिला उपाय. डोळ्यातील थरांचे छायाचित्र घेणाऱ्या ओसीटी तपासणीने आणि औषधांची नीट चौकशी केल्याने हा घोटाळा टळतो.

संसर्ग

प्रतिकारशक्ती दबली की सुप्त जंतू डोके वर काढतात. उतारवयात याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे नागीण. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि वय व औषधे यांमुळे पहारा सैल होताच उठतो. कपाळावर उठलेली नागीण डोळ्यात उतरू शकते. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर ही शक्यता अधिक असते आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा लागतो. विषाणुरोधक गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्यास चांगला उपयोग होतो. ते दिवस मंत्र-तोडग्यांत घालवणाऱ्यांची संख्या आजही कमी नाही.

२०२१ सालच्या करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकभाषेतील काळी बुरशी, मोठ्या प्रमाणावर पाहिली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या संगतीने ही बुरशी नाकातून डोळ्याच्या खोबणीत व तेथून मेंदूकडे पसरत होती. अनेकांचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला. प्राणवायूची गरज असलेल्या करोना रुग्णांत डेक्सामेथासोन मृत्यू कमी करते, हे २०२० साली ब्रिटनमधील चाचणीत सिद्ध झालेले होते. दोष औषधाचा नव्हता, तर गरज नसताना, अधिक मात्रेत आणि रक्तातील साखर न पाहता ते दिले व घेतले जाण्याचा होता.

क्षयरोगाचाही संबंध येतो. काही जैविक औषधांमुळे सुप्त क्षय जागृत होतो, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. क्षयावरील एथॅम्ब्युटॉल हे औषध क्वचित दृक्-तंत्रिकेला बाधते. लाल-हिरवा रंग फिका वाटू लागणे हे त्याचे आरंभीचे लक्षण.

सोलापूर परिसर

सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला संलग्न छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय येथे केवळ जिल्ह्यातूनच नव्हे, तर धाराशिव, लातूर आणि कर्नाटकातील विजयपूर, कलबुर्गी या बाजूंनीही रुग्ण येतात. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा येथे बोलल्या जातात. औषधाच्या पाकिटातील माहितीपत्रक मात्र बहुधा इंग्रजीत आणि तरुण डोळ्यांनाही न वाचवणाऱ्या बारीक अक्षरांत असते. ज्याची नजर औषधामुळे मंदावू शकते, त्यालाच ती सूचना वाचता येऊ नये, हा विरोधाभास कोणाच्या फारसा ध्यानात येत नाही.

शहराचा कणा असलेले यंत्रमाग आणि विडी हे दोन्ही व्यवसाय जवळच्या नजरेवर चालतात. तुटलेला धागा शोधणे, तेंदूचे पान मापात कापणे ही कामे करणाऱ्याला मधली नजर गेल्याचे नुकसान पहिल्याच आठवड्यात कळते. त्याच्या मजुरीत ते दिसते. उलट काचबिंदूत जाणारी कडेची नजर मागावर बसून कळत नाही, म्हणून तो अधिक काळ लपून राहतो. तंबाखूचा धूर पीतबिंदूच्या ऱ्हासाचा धोका दुप्पट ते चौपट करतो आणि टाळता येण्याजोग्या कारणांत त्याचा क्रमांक पहिला आहे.

तपासणी आणि देखरेख

दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी औषध सुरू होताना आणि त्यानंतर सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने डोळे तपासून घ्यावेत असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणे म्हणजे ही तपासणी नव्हे. तीत डोळ्यातील दाब मोजणे, बाहुली मोठी करून भिंग व दृष्टिपटल पाहणे आणि गरजेनुसार दृष्टिक्षेत्राची व ओसीटी तपासणी यांचा समावेश होतो. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कोणीतरी असावे.

पीतबिंदूसाठी घरच्या घरी करता येणारी चाचणी स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांच्या नावाने ओळखली जाते. चौकटींच्या जाळीच्या मध्यभागी एक ठिपका असतो. वाचण्याचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, दुसऱ्या डोळ्याने त्या ठिपक्याकडे पाहायचे. रेषा वाकड्या, तुटक किंवा पुसट दिसल्यास तपासणी तातडीने करावी, कारण ओल्या प्रकारात डोळ्यात द्यायची इंजेक्शने जितकी लवकर सुरू होतील तितकी दृष्टी वाचते. छापील जाळी नसल्यास नातवंडांच्या आलेखवहीच्या पानावर मध्यभागी ठिपका काढूनही काम भागते. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही चाचणी करणे ही नेहमीची चूक आहे; चांगला डोळा वाईट डोळ्याचे दोष झाकतो.

कोरड्या ऱ्हासाच्या मध्यम अवस्थेत जीवनसत्त्व क व ई, जस्त, तांबे, ल्युटीन आणि झियाझँथिन यांच्या ठरावीक मिश्रणाने प्रगत अवस्थेकडे जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. जुन्या मिश्रणातील बीटा-कॅरोटीन धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवते, म्हणून २०१३ च्या चाचणीनंतर ते वगळले गेले. निरोगी डोळ्यांच्या माणसाने ‘नजरेसाठी’ म्हणून या गोळ्या घेण्यात लाभ सिद्ध झालेला नाही. प्रत्यारोपित मूत्रपिंड असलेल्यांनी कोणतेही पूरक द्रव्य किंवा काढा घेण्यापूर्वी आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारावे, कारण काही वनस्पती आणि अगदी पपनसासारखी फळेही रक्तातील टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिनचे प्रमाण बदलतात.

नेत्रतज्ज्ञाकडे जाताना चालू औषधांची पाकिटे, पुड्या असल्यास त्याही, सोबत न्याव्यात. प्रत्येक औषध कधी सुरू झाले, रोजची मात्रा किती आणि मध्ये ती केव्हा वाढवली किंवा घटवली, याची तारखांसह नोंद एका वहीत असल्यास नेत्रतज्ज्ञ आणि मूळ आजाराचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलून मात्रा ठरवणे सोपे जाते.